स्वतंत्र संगीतकार आणि इंटरनेटवरील श्रोतृवर्ग : एक अर्थशास्त्रीय विवेचन

भारतात ध्वनिमुद्रित संगीताचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. १९०२ मध्ये गौहर जान यांचे गायन कोलकात्यात तबकडीवर मुद्रित करण्यात आले. त्यानंतरची जवळजवळ ऐंशी वर्षे कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये मोजक्याच संस्था उभ्या होत्या : तबकडी कंपनी, चित्रपटनिर्माता आणि आकाशवाणी. आकाशवाणीने १९५० च्या दशकात ध्वनिचाचणी घेऊन कलावंतांना श्रेणी देण्याची पद्धत रूढ केली. श्रेणी नसेल तर प्रक्षेपण नाही, असा तो सरळ हिशेब होता. १९८० च्या दशकात ध्वनिफितींमुळे मुद्रणाचा व प्रती काढण्याचा खर्च उतरला आणि भोजपुरी, गढवाली, पंजाबी अशा अनेक भाषांतील स्थानिक गायकांना बाजारपेठ मिळाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या बदलाचा सविस्तर अभ्यास केला आहे. इंटरनेटने याच प्रक्रियेचे पुढचे टोक गाठले. गीताची आणखी एक प्रत श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याचा सीमांत खर्च आता जवळपास शून्य झाला आहे.

कोणत्याही कंपनीशी अथवा चित्रपटाशी बांधील नसलेला, ध्वनिमुद्रणाचे हक्क व निर्णय स्वतःकडे ठेवणारा कलावंत म्हणजे स्वतंत्र संगीतकार होय. प्रवेशातील अडथळे दूर झाल्यामुळे त्याचा प्रश्न सुटला, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात प्रश्नाचे केवळ स्थान बदलले आहे.

दुर्मीळ काय आहे?

माहितीची विपुलता लक्ष देण्याच्या क्षमतेचे दारिद्र्य निर्माण करते, असा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडला होता. प्रवेश सर्वांनाच खुला झाला की पुरवठा अमर्याद वाढतो. श्रोत्याच्या दिवसाचे तास मात्र चोवीसच राहतात. म्हणून गीत प्रसिद्ध करण्याचा खर्च घटला, तरी श्रोता शोधण्याचा खर्च वाढला. उत्पन्नाच्या वाटणीवरही याचा परिणाम होतो. शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, एकच कलाकृती अत्यल्प खर्चात असंख्य लोकांपर्यंत नेता येते तेव्हा गुणवत्तेतील किरकोळ फरकही मिळकतीत प्रचंड तफावत निर्माण करतो.

गुणवत्तेखेरीज योगायोगाचाही वाटा असतो. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक व्यक्तींना अपरिचित अशी ४८ गीते ऐकविण्यात आली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट केले होते आणि प्रत्येकाला आपल्या गटातील आधीच्या श्रोत्यांची पसंती दिसत होती. पसंती दिसू लागताच लोकप्रियतेतील विषमता वाढली. शिवाय एका गटात अग्रेसर ठरलेले गीत दुसऱ्या गटात मागे पडले. सर्वोत्तम गीते क्वचितच तळाला गेली आणि निकृष्ट गीते क्वचितच वर आली. मधल्या मोठ्या वर्गाचे मात्र काहीही होऊ शकत होते. बहुतेक नवे संगीतकार याच मधल्या वर्गात असतात. त्यांच्या दृष्टीने सुरुवातीचे थोडे श्रोते अनपेक्षितपणे निर्णायक ठरतात.

सामाईक निधीचे गणित

स्ट्रीमिंग सेवांमध्ये प्रत्येक वेळी ऐकल्याबद्दल ठरावीक दर मिळतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रचलित पद्धतीत बहुधा वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एका निधीत जमा होते, सेवा आपला हिस्सा राखून ठेवते आणि उरलेली रक्कम एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन वर्गणीदार प्रत्येकी १०० रुपये भरतात. पहिला एका नामवंत गायकाची गीते ९० वेळा ऐकतो. दुसरा एका नव्या संगीतकाराची गीते १० वेळा ऐकतो, अन्य कोणाचीही नाही. सेवेचा हिस्सा बाजूला ठेवल्यास नव्या संगीतकाराला २०० पैकी २० रुपये मिळतील. दुसऱ्या वर्गणीदाराचे ८० रुपये, त्याने कधीही न ऐकलेल्या गायकाकडे जातील. प्रत्येक श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटायची ठरविल्यास हीच रक्कम १०० रुपये होते. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये अशी पद्धत सुरू केली. अर्थात, या पद्धतीने प्रत्येक लहान कलावंताचा लाभ होईलच असे नाही; त्याचे श्रोते किती आणि काय ऐकतात, यावर ते अवलंबून राहील.

किमान पात्रतेच्या अटीही ध्यानात घ्याव्या लागतात. २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायने २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेले गीत त्या मोबदल्यातून वगळले. यूट्यूबवर दीर्घ चित्रफितींच्या जाहिरात उत्पन्नातील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन अपेक्षित असते. प्रारंभीच्या काळात या मार्गाने उदरनिर्वाह होणे म्हणूनच दुरापास्त आहे. जो सल्लागार याच्या उलट सांगतो, त्याचे स्वतःचे उत्पन्न बहुधा सल्ल्यातून येत असते.

पोहोच आणि श्रोतृवर्ग

एखादी लघुचित्रफीत लाखो लोकांनी पाहिली, ही झाली पोहोच. पुढचे गीत केव्हा येणार याची वाट पाहणारे लोक म्हणजे श्रोतृवर्ग. पोहोच अल्गोरिदमच्या कृपेने मिळते व तितक्याच सहजतेने जाते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेकांनी तेथे जमविलेला अनुयायी वर्ग एका रात्रीत दिसेनासा झाला. पुढे २०२४ मध्ये रेसो आणि विंक या सेवाही भारतात बंद पडल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत, मंचावरील अनुयायी हे भाड्याच्या जागेवरील बांधकाम आहे. श्रोत्याने स्वेच्छेने दिलेला संपर्क, एकाहून अधिक सेवांवरील उपस्थिती आणि प्रत्यक्ष मैफली यांतून उभे राहणारे नाते हे मात्र कलावंताचे स्वतःचे भांडवल होय.

केविन केली यांनी २००८ मध्ये 'एक हजार खरे चाहते' ही कल्पना मांडली. वर्षाला ५०० रुपये थेट देणारे हजार श्रोते लाभल्यास पाच लाख रुपयांची ढोबळ मिळकत होते. त्यातून ध्वनिमुद्रण, प्रवास व वादकांचे मानधन वजा करावे लागते. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे अशा लहान रकमा देणे सुलभ झाले, हा भारतीय संदर्भातील महत्त्वाचा फरक आहे.

नवी दिल्लीच्या ब्लडीवूड या वाद्यवृंदाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. हेवी मेटल आणि ढोलासारखी लोकवाद्ये यांचा मेळ घालणाऱ्या संगीताला कोणत्याही एका भारतीय शहरात मर्यादितच मागणी असणार. परंतु यूट्यूबद्वारे जगभर विखुरलेले रसिक एकत्र आले. २०१९ मध्ये हा वृंद जर्मनीतील वाकेन महोत्सवात पोहोचला आणि २०२२ मध्ये त्याने 'रक्षक' हा अल्बम स्वतःच प्रसिद्ध केला. विखुरलेल्या मागणीचे एकत्रीकरण हे इंटरनेटचे खरे आर्थिक कार्य येथे दिसते. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांच्या २०२४ मधील 'गुलाबी साडी' या गीतावर मराठी न जाणणाऱ्यांनीही लघुचित्रफिती केल्या. भाषेची सीमा ओलांडणारी पोहोच कशी असते, याचे ते उदाहरण.

हक्कांची बाजू

एका गीतात किमान दोन स्वतंत्र कॉपीराइट असतात : शब्द व स्वररचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकाराला आपल्या रॉयल्टीच्या समान वाट्याचा हक्क, चित्रपटगृहातील प्रदर्शनाचा अपवाद वगळता, सोडून देता येत नाही. हस्तांतरण लेखी असावे लागते. कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो (कलम १९). करारापूर्वी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क, स्पष्ट उल्लेखाखेरीज, हस्तांतरित होत नाहीत (कलम १८). पहिल्या यशाच्या भरात सही करणाऱ्या तरुण कलावंताला या तरतुदी ठाऊक नसतात, ही चिंतेची बाब आहे. कारण श्रोतृवर्ग त्याने जमविलेला असला, तरी त्यापासून होणारी मिळकत हक्कधारकाकडे जाते.

शब्द व स्वररचनेच्या रॉयल्टीच्या वसुलीसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था काम करते. कलम ३१ड अन्वये प्रसारणासाठी मिळणारा वैधानिक परवाना इंटरनेटवरील स्ट्रीमिंगला लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात दिला व २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. परिणामी स्ट्रीमिंगचा मोबदला वाटाघाटींतूनच ठरतो. मोठ्या संग्रहाची मालक असलेली कंपनी अशा वाटाघाटी स्वबळावर करू शकते. दहा गीतांच्या धन्याला मात्र वितरकाच्या छापील अटी स्वीकारण्यावाचून गत्यंतर उरत नाही.