हिरवळ कापण्याच्या यंत्रासाठी दुसरे इंजिन

अमेरिकेतील उपनगरांत घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ असणे ही नवलाची गोष्ट नाही. ती कापण्यासाठी वर बसून चालवावयाचे जे यंत्र वापरतात, ते एखाद्या बुटक्या ट्रॅक्टरसारखे दिसते : पुढे इंजिन, मागे आसन आणि पोटाखाली, फिरती पाती झाकणारे पोलादी आवरण. या यंत्राचे इंजिन निकामी झाले म्हणजे मालकापुढे प्रश्न उभा राहतो की, सारे यंत्रच बदलावे की केवळ इंजिन? आवरण गंजून त्याला भोके पडली असतील आणि मागील गिअरपेटी कुरकुरत असेल, तर नव्या इंजिनावर पैसा घालणे व्यर्थ होय. बाकीचा सांगाडा धड असेल, तरच पुढील विचार करावा.

दुकानात गेलेला मनुष्य बहुधा प्रथम अश्वशक्ती विचारतो. ही चूक आहे. या आकड्याविषयी अमेरिकेत खटलेही झाले. लेबलावर फुगवलेली अश्वशक्ती छापली जाते, असा ग्राहकांचा आक्षेप होता आणि २०१० साली अनेक उत्पादकांनी त्यात तडजोड केली. तेव्हा इंजिनाचे घनफळ पाहणे अधिक भरवशाचे. शिवाय १२ अश्वशक्तीसाठी घडवलेल्या गिअरपेटीला २४ अश्वशक्तीचे इंजिन जोडल्याने गवत दुप्पट वेगाने कापले जात नाही. गिअरपेटी मात्र लवकर झिजते.

खरा निर्णय क्रँकशाफ्टपाशी होतो. पंपाच्या किंवा जनित्राच्या इंजिनाचा दंड आडवा बाहेर येतो. या यंत्रांपैकी बहुतेकांत तो उभा, जमिनीकडे रोखलेला असतो, आणि त्याच्या टोकावर एकाखाली एक दोन गोष्टी बसतात : चाके फिरवणाऱ्या पट्ट्याची पुली आणि पाती फिरवणारा विजेचा क्लच. दोन्ही मावण्यासाठी दंडाची लांबी पुरेशी हवी. प्रचलित माप १ इंच व्यासाचे आणि ३ ५/३२ इंच, म्हणजे सुमारे ८० मिलिमीटर लांबीचे आहे. बाजूला पाव इंची चावीची खाच आणि टोकाशी ७/१६ इंची बोल्टसाठी आटे पाडलेले छिद्र असते. हाताने ढकलावयाच्या लहान यंत्रांच्या इंजिनाचा दंड बहुधा ७/८ इंच व्यासाचा आणि आखूड असतो. बाहेरून सारखेच दिसणारे असे इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून आणले, तर जुना क्लच त्यावर बसत नाही. म्हणून जुन्या दंडाचे माप, पुली उतरवून आणि गंज खरवडून, स्वतः घ्यावे. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या जुन्या इंजिनांवर मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो. २८७७०७ या क्रमांकातील आरंभीचे २८ म्हणजे २८ घनइंच (सुमारे ४६० घनसेंटिमीटर), आणि शेवटचे ७ म्हणजे विजेचा स्टार्टर व आल्टर्नेटर. परंतु दंडाचा तपशील त्याच्या शेजारच्या ‘टाइप’ क्रमांकात दडलेला असतो, आणि तोच टिपून घ्यावयाचे लोक विसरतात.

सर्वांत त्रासदायक प्रकरण जुन्या ‘समोरासमोर’च्या जोड सिलिंडरांचे. उभ्या दंडाच्या इंजिनात सिलिंडर आडवेच असतात. जुन्या प्रकारात ते परस्परविरुद्ध दिशांना पसरलेले असत. आजच्या जोड-सिलिंडर इंजिनांत ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे काटकोनात असतात. त्यामुळे धूर बाहेर पडण्याची तोंडे सरकतात आणि जुना सायलेन्सर निरुपयोगी ठरतो. बुडाची भोके जुळली तरी बॉनेट बंद होत नाही. नवा सायलेन्सर इंजिनाच्याच किमतीत येतो की नाही, हे आधी विचारलेले बरे. तो वेगळा घ्यावा लागला तर स्वस्त वाटलेला सौदा महाग पडतो.

विजेच्या जोडणीत आणखी दोन खाचखळगे आहेत. काही जुन्या इंजिनांचा आल्टर्नेटर बॅटरीसाठी अवघा ३ अँपियर प्रवाह देई. विजेचा क्लच एकटाच साधारण ४ अँपियर खातो, म्हणून क्लचच्या यंत्रावर त्याहून मोठा आल्टर्नेटर आवश्यक आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मॅग्नेटोवर चालणारे इंजिन थांबवण्यासाठी त्याची एक तार सांगाड्याला भिडवतात. मोटारगाडीच्या सवयीने त्या तारेत बॅटरीचा प्रवाह सोडला, तर ठिणगी पाडणारा भाग जळून जातो. ती तार मोकळीच ठेवली तर इंजिन उत्तम चालते, आणि धोका नेमका येथेच आहे : आसनाखालची सुरक्षा कळ याच तारेतून इंजिन बंद करते. तार सुटी राहिली म्हणजे चालक आसनावरून पडला तरी इंजिन चालूच राहते.

तितकीच दक्षता वेगाबाबत हवी. ही इंजिने मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ३,६०० फेऱ्यांवर बांधलेली असतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपलीकडे, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटरपलीकडे जाऊ नये, अशी अमेरिकी मानकाची मर्यादा आहे. पाती फिरवणारी जुनी पुली हाताशी नाही म्हणून तिच्या जागी थोडी मोठी बसवली, किंवा गव्हर्नरची स्प्रिंग ओढून घट्ट केली, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि पात्याखाली आलेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. म्हणून जुनी पुली जपून ठेवावी, आणि नवे इंजिन प्रथम सुरू करताना पाती न जोडता फेऱ्या मोजणाऱ्या उपकरणाने वेग तपासून घ्यावा.