आकडा लागला, पुढे काय?

सट्ट्यात हरलेला माणूस सहसा वकिलाकडे येत नाही, तो सावकाराकडे जातो. नगरच्या कोर्टात वकिली करताना माझ्याकडे आले ते बहुतेक जिंकलेले. आयपीएल संपत आली की एखादा पोरगा मोबाइल पुढे करतो. सट्ट्याच्या ऑनलाइन आयडीवर पावणेदोन लाख दिसत असतात. "साहेब, एजंट नुसतं उद्या टाकतो, उद्या टाकतो म्हणतोय. त्याला एक नोटीस ठोका." ठोकायची कुणाला? एजंटचं नाव 'भाऊ', फोन बंद, आणि आयडी चालवणारा कुठं बसलाय हे त्या भाऊलाही ठाऊक नसतं.

नाव-पत्ता मिळाला तरी उपयोग नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेल्या रकमेसाठी दावाच चालत नाही. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ चा आणखी एक कायदा आहे. सट्ट्यासाठी म्हणून जाणूनबुजून हातउसने दिले असतील, तर तेही कोर्टातून वसूल होत नाहीत. तेव्हा मित्राला मदत करणाऱ्यांनीही जपून.

मटक्याचं गणित जगजाहीर आहे. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला मिळतात नऊच्या आसपास. किरकोळ पैसे बुकी टिच्चून देतो, कारण 'त्याला लागला' ही चौकातली बातमीच त्याची जाहिरात. मोठी जोडी लागली की मात्र चिठ्ठी 'नीट लिहिलेली नव्हती' असं निघतं. आणि पोलिसांत जाल तर १८८७ चा जुगार कायदा अड्ड्यावर खेळणाऱ्यालाही सोडत नाही.

परदेशात तरी बरं असेल, असं वाटतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००७ पासून पैजेचे पैसे कायद्याने वसूल करता येतात. पण तिथल्या परवानाधारक कंपन्याही सतत जिंकणाऱ्याची मर्यादा इतकी खाली आणतात की त्याने खेळणंच सोडावं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला २०१४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी नियम करावा लागला, की ठरावीक रकमेपर्यंतची पैज बुकीने नाकारायची नाही. जिंकणारं गिऱ्हाईक कुठल्याच बुकीला नको असतं. फरक एवढाच, की तिथं तक्रार करायला दार आहे.

पैसे खरोखर मिळाले तेव्हाची गोष्ट जास्त वाईट आहे. राहुरीकडच्या एका दूध उत्पादकाच्या खात्यात तीन अनोळखी खात्यांतून जिंकलेली रक्कम आली. काही दिवसांनी एटीएम चालेना. बँकेत कळलं, परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या तक्रारीवरून खात्यावर होल्ड आहे. हे आयडीवाले भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे फिरवतात, आणि त्यातल्या एका खात्यात कुणाच्या तरी फसवणुकीची रक्कम आली होती. होल्ड लागलेल्या दूध उत्पादकाच्या खात्यातच दर दहा दिवसांनी दुधाचा पगार जमा व्हायचा. पासबुकात पगाराच्या नोंदी दिसत होत्या, पण त्यातला रुपयाही हातात येत नव्हता. पेंडवाला दारात, आणि हा गृहस्थ माझ्यासमोर बसून 'ही रक्कम मी सट्ट्यात जिंकलो' हे कागदावर कसं लिहू म्हणून विचारतोय.

अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या. होल्ड फक्त वादातल्या रकमेपुरता ठेवा, असा अर्ज त्या ठाण्याला करा आणि सोबत दूध डेअरीची बिलं जोडा. खोटं कारण लिहू नका, पुढे तेच अंगाशी येतं.

'पैसे काढायचे तर आधी ३० टक्के टॅक्स भरा' असा मेसेज आला, तर तिथंच थांबा. टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, कुणाच्या यूपीआयवर आगाऊ मागितला जात नाही. स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा, सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे तक्रारीला घाबरू नका.

आणि आयडीवर दिसणारी रक्कम वसूल करून देतो असं कुणी म्हणालं, मग तो काळा कोट घातलेला का असेना, त्याला एक रुपयाही फी देऊ नका.