टँकर पाणी न्यायला आला तेव्हा

अगं, अमिरातीचा व्हिसा आला म्हणून फोनवर नुसती नाचत होतीस. कुकर आण, लोखंडी तवा आण, घरच्या लिंबाचं लोणचं मोठ्या बॅगेत नीट बांधून आण. पण मधेच म्हणालीस ना, "छत्री ठेवून देते ताई, वाळवंटात कशाला लागतीय," तिथे मला जरा बोलायचंय. आई शेजारीच बसली होती म्हणून गप्प बसले. इथल्या पुराच्या दिवसांतलं तिला मी निम्मंच सांगितलंय.

आपण श्रीगोंद्याच्या पोरी, पर्जन्यछायेत वाढलेल्या. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, टँकर आज येणार का उद्या, यातच लहानपण गेलं. पाऊस म्हटलं की आपल्याला आनंदच होतो. त्याला भ्यायचंही असतं, हे कुणी शिकवलंच नाही. त्यामुळे १६ एप्रिल २०२४ ला, मंगळवारी, शारजात सकाळी आभाळ भरून आलं तेव्हा मी काय केलं असेल? भजी तळायला घेतली.

शाळा त्या दिवशी ऑनलाइन होत्या, सरकारी कचेऱ्यांना घरून काम होतं. तुझ्या दाजींचं ऑफिस खाजगी, ते आपले दुबईला गेले. दुपारी आभाळ हिरवट दिसायला लागलं. शेवाळलेल्या हौदाच्या पाण्यासारखं. मग जो कोसळायला लागला तो थांबेचना. बाल्कनीच्या दाराखालून पाणी घरात आलं. टॉवेल, चादरी, शेवटी माझी चांगली ओढणीसुद्धा दाराशी कोंबली. खाली रस्त्याचं तळं झालेलं आणि उभ्या गाड्यांचे फक्त टप दिसत होते. दाजींचा फोन रात्री आठनंतर लागेना. ते पहाटे चारला आले, बूट हातात, पँट मांडीपर्यंत चिखलाने माखलेली. गाडी वाटेत सोडून शेवटचे दोन तास पाण्यातून चालले होते. हे आईला माहीत नाही, तूही सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. सुंठवडा करायचा होता आणि नळाला थेंब नाही. तळघरात पाणी शिरून मोटर बुडाली, वीज गेली, लिफ्ट बंद. खिडकीतून पाहावं तिकडे पाणी, आणि मी प्यायच्या बाटल्या घेऊन सात मजले चढतीय! आमच्या गल्लीतलं पाणी पाच दिवस हललं नाही. सहाव्या दिवशी टँकर आला, पाइप सोडला आणि रस्त्यावरचं पाणी ओढून घेऊन गेला. आपल्याकडे टँकर दिसला की बायका हंडे घेऊन धावतात. मी खिडकीत उभी राहून हसले आणि मग रडले.

आता आकडे ऐक, म्हणजे ताई वाढवून सांगते असं वाटायचं नाही. दुबई विमानतळावर वर्षाला सरासरी ९५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्या चोवीस तासांत साधारण १४२ पडला. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे तर २५४.८ मिलिमीटर. अमिरातीत १९४९ पासून नोंदी आहेत, त्यातला हा सर्वांत मोठा. हजाराहून जास्त विमानं रद्द झाली, दुबई मेट्रोची काही स्टेशनं महिनाभर बंद राहिली. शेजारच्या ओमानात शाळेची मुलं नेणारी गाडी वाहून गेली. ते मला आजही बोलवत नाही.

असं का होतं, ते तुला शेतातल्या उदाहरणाने कळेल. नांगरट न झालेल्या, उन्हाने टणक झालेल्या वावरावर वळवाची सर आली की पाणी मुरतं का? बांधावरून पळतं. इथे त्यावर आणखी डांबर आणि काँक्रीट, आणि पाऊसच नाही म्हणून गटारंही बेताची. पुढे दुबईने ३० अब्ज दिरहमची निचरा योजना जाहीर केली, पण ती पुरी व्हायला वर्षं लागतील.

आणि हो, "विमानातून पाऊस पाडला आणि अंगलट आला" असे मेसेज येतील, पुढे ढकलू नकोस. त्या वादळात ढगांत काही फवारलं नव्हतं, असं इथल्या हवामान केंद्राने सांगितलं होतं. २०१५ च्या दुष्काळात औरंगाबादवरून आपल्याकडेही विमानं उडाली होती की, तेव्हा आपली विहीर भरली होती का? जाणकारांनी बोट दाखवलं ते तापलेल्या हवेकडे आणि एल निनोकडे. हवा तापली की जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग एकदम ओतते. आपल्या सीना नदीनेही २०२५ च्या सप्टेंबरात दाखवलंच की. दुष्काळी म्हणून ज्यांची ओळख, त्याच काठांवर पूर.

तर पावसाचा इशारा आला की घरून काम माग, लाजू नकोस. नोकरी नवी आहे, साहेब काय म्हणतील, असला विचार दाजींनी केला होता. गाडी तळघरातून आधीच उंचावर नेऊन लाव. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, इंजिन कायमचं जातं. विम्यात पूर धरलाय का, ते सही करण्याआधी वाच. आणि इथे 'वाडी' म्हणजे आपली वस्ती नव्हे, कोरडा ओढा. पाऊस पडला की लोक तिथे मजा बघायला जातात. तुझ्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या पाहुण्यांना, गाडीची हौस आहे म्हणून मुद्दाम सांगते, वाहत्या वाडीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड, लायसन्सवर २३ काळे गुण आणि साठ दिवस गाडी जप्त.

घर बघायला जाल तेव्हा भाड्याचं पाहुण्यांना बोलू दे. तू वॉचमनला बाजूला घे आणि विचार, २०२४ च्या एप्रिलात इथे पाणी किती दिवस होतं? तो दोन म्हणाला तर चार धर. आणि छत्री आण गं.