दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी : मेंदू, मणका व मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियांतील काळाचा हिशेब

वार्षिक अहवालाच्या या पानांवर रुग्णालयातील एखाद्या विभागाच्या कार्याची ओळख करून देण्याचा आपला प्रघात आहे. असे लेख सामान्यतः त्या त्या विभागाचे तज्ज्ञ लिहितात. यंदा न्यूरोसर्जरी विभागाची पाळी आली, तेव्हा विभागप्रमुखांनी हे काम माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राचा माझा अधिकार नाही. परंतु डॉक्टरसाहेबांचे म्हणणे असे, की रुग्णांचे नातेवाईक खरे प्रश्न शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी विचारीत नाहीत, ते प्रशासकाच्या टेबलापाशी येऊन विचारतात. हे खरे आहे. म्हणून त्यांपैकी वारंवार येणारा एक प्रश्न घेऊन, तज्ज्ञांकडून समजून घेतलेले येथे मांडीत आहे.

प्रश्न असा : "काल रात्री दोन वाजता आलेल्या मुलाला तासाभरात टेबलावर घेतले, आमच्या वडिलांना कंबरदुखीने बसता येत नाही, तर त्यांना सहा आठवडे थांबा म्हणून सांगता. हा भेद पैशांमुळे का?"

भेद आहे, पण तो पैशांचा नव्हे, काळाचा आहे. जुन्या पेढीच्या व्यवहारात हुंडी दोन प्रकारची असे. दर्शनी हुंडी दाखविताक्षणीच चुकती करावी लागे. मुदती हुंडीला ठरलेला अवधी मिळे. मेंदू, मणका व मज्जातंतूंचे विकार याच दोन प्रकारांत मोडतात, आणि कोणती हुंडी कोणत्या प्रकारची हे ओळखणे हा न्यूरोसर्जनच्या विद्येचा मोठा भाग आहे.

प्रथम दर्शनी हुंडी. प्रौढ माणसाची कवटी ही बंद पेटी आहे. तीत साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅम वजनाचा मेंदू, त्याभोवतीचा पाण्यासारखा द्रव आणि रक्त एवढीच सामग्री असते. पोटाला वा मांडीला मार बसून आत रक्त साचले, तर तेथे फुगण्यास जागा असते. कवटीत ती नसते. एक वस्तू वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. आरंभी द्रव व शिरांतील रक्त थोडे बाहेर सरून जागा करून देतात. ती सवलत संपली, की दाब एकाएकी चढतो आणि मेंदू खाली, श्वास व हृदयाचे नियंत्रण करणाऱ्या भागावर ढकलला जातो. हा नियम अठराव्या शतकाच्या अखेरीस मन्रो आणि पुढे केली या स्कॉटलंडमधील वैद्यांनी मांडला व आजही तोच आधारभूत आहे.

यातील सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कानाच्या वरच्या बाजूचे, कानशिलाचे पातळ हाड तडकून त्याखालील रोहिणी फाटणे. रक्त हाड आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये साचत जाते. मार लागताच रुग्ण क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो, घरी जाऊ म्हणतो. नातेवाईक देवाचे आभार मानतात. काही तासांत तो पेंगू लागतो आणि मग हाकेला ओ देत नाही. हे रक्त वेळेत काढले, तर खालचा मेंदू पुष्कळदा शाबूत असल्याने माणूस पूर्ववत कामावर जातो. उशीर झाला, तर तीच शस्त्रक्रिया तेवढ्याच कौशल्याने करूनही हाती काही लागत नाही. आवरणाच्या आतील बाजूस होणाऱ्या तीव्र रक्तस्रावाविषयी १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर त्यानंतर झालेल्यांमध्ये सुमारे ९० टक्के आढळले. पुढील सर्वच अभ्यासांत अंतर एवढे मोठे दिसलेले नाही. तरीही घड्याळाकडे पाहण्याची डॉक्टरांची दृष्टी त्या अभ्यासाने बदलली.

येथे माझ्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. पदवीनंतर मी दुसऱ्या एका रुग्णालयात रोखपाल होतो. एका संध्याकाळी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला त्याचे वडील रिक्षातून घेऊन आले. स्कूटरवरून पडला होता. मुलगा बोलत होता. स्वतःचे नाव त्यानेच सांगितले. अनामत रक्कम भरल्याविना दाखल करावयाचे नाही असा तेथील नियम होता आणि मी तो वडिलांना नीट समजावून सांगितला. ते पैसे आणावयास गेले. अडीच तासांनी परत आले तेव्हा बाकावर आडवा झालेला मुलगा घोरत होता. तो झोपला आहे अशी आम्हा सर्वांची समजूत होती. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले, तर एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला नाही. मी पावती मात्र नियमाप्रमाणे फाडली होती. तीवरील रक्कम मला आजही आठवते, नाव आठवत नाही.

डोक्याला मार लागलेल्या माणसाचे घोरणे ही झोप नसून धोक्याची खूण असू शकते, हे मला त्या दिवशी कळले. आज आपल्या अपघात विभागातील परिचारिका दर काही वेळाने अशा रुग्णाला उठवतात, प्रश्न विचारतात, हात उचलावयास सांगतात व कागदावर आकडा लिहितात. "त्याला झोपू का देत नाही?" असे नातेवाईक रागाने विचारतात. तो आकडा म्हणजे ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली तयार केलेले शुद्धीचे मोजमाप. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांचे गुण मिळून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. आठ वा त्याहून कमी म्हणजे गाढ बेशुद्धी. एका आकड्यापेक्षा त्याची उतरण अधिक बोलते. पंधरावरून तेरा झाला, की न्यूरोसर्जनना दूरध्वनी जातो. हिशेबनिसाला ही पद्धत फार पटते.

दुसरी मोठी मदत सी.टी. स्कॅनची. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्यापूर्वी कवटीच्या आत काय चालले आहे हे पुष्कळसे अनुमानानेच ठरवावे लागे. आपल्या देशात वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये आणि मद्रास येथे डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये या शाखेचा पाया घातला, तो या यंत्राविना. त्या पिढीचे धारिष्ट्य आज कल्पनेतही येत नाही.

"सूज उतरण्याचे स्टेरॉइडचे इंजेक्शन का देत नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. मेंदूतील गाठीभोवतीच्या सुजेवर ते उपयोगी पडते. अपघातातील इजेवर मात्र नाही. दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ते दिलेल्यांमध्ये मृत्यू अधिक आढळले.

आता मुदती हुंडी. मणक्यातील गादी सरकून पायात कळ जाते, तेव्हा वेदना असह्य असते, यात शंका नाही. तरीही अशा बहुसंख्य रुग्णांची कळ सहा ते आठ आठवड्यांत औषध, बेताची विश्रांती आणि हळूहळू वाढविलेली हालचाल यांनी शस्त्रक्रियेविना ओसरते. डॉक्टर थांबा म्हणतात ते याकरिता. एम.आर.आय.च्या अहवालात गादी सरकल्याचा उल्लेख आहे म्हणून शस्त्रक्रिया हवीच, असे होत नाही. काहीच दुखत नसलेल्या पुष्कळ माणसांच्या तपासणीतही तशा गाद्या आढळतात. आपल्याकडे शस्त्रक्रियेविना परत गेलेल्या रुग्णांची संख्या उत्पन्नाच्या रकान्यात कोठेच उमटत नाही. तिचा मला अभिमान आहे.

परंतु हीच मुदती हुंडी एका रात्रीत दर्शनी होऊ शकते. लघवीची जाणीव जाणे वा ती तुंबणे, मांड्यांच्या मधील भाग व बैठक बधिर होणे, दोन्ही पाय लुळे पडू लागणे यांपैकी काही दिसले, तर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट पाहू नये, त्याच घटकेस यावे. संकोचामुळे ही लक्षणे सांगितली जात नाहीत, विशेषतः स्त्रियांकडून. घरच्या वडीलधाऱ्यांनी ती विचारली पाहिजेत.

वृद्धांच्या बाबतीत उलट फसगत होते. न्हाणीघरात डोके किंचित आपटलेले असते, ते सर्वजण विसरतात. तीनचार आठवड्यांनी आजोबा घोटाळ्याचे बोलू लागतात, पाय ओढतात, अंथरुणात लघवी होते. "वय झाले" म्हणून घरचे सोडून देतात. यातील काहींच्या मेंदूवर हळूहळू जुने, पातळ झालेले रक्त साचलेले असते, व कवटीस छिद्र पाडून ते काढले, की अनेकदा तेच आजोबा चार दिवसांत वर्तमानपत्र मागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी याबाबत अधिक सावध असावे.

मज्जातंतूंची गोष्ट निराळीच आहे. मोटारसायकलवरून पडून खांदा व मान विरुद्ध दिशांना ताणली गेली, तर हाताकडे जाणारे तंतू तुटतात व हात लोंबकळतो. जीव वाचल्याच्या आनंदात "हळूहळू येईल ताकद" म्हणत कुटुंबे वर्ष काढतात. तंतू दुरुस्तीनंतर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. खांद्यापासून तळहातापर्यंतचे अंतर मोजून पाहावे. आणि तंतूची वाट पाहणारा स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षानंतर कायमचा निकामी होत जातो. म्हणून अशा रुग्णाने पहिल्या तीन महिन्यांतच तज्ज्ञाकडे यावे, सहा महिन्यांपलीकडे तर नक्कीच जाऊ नये. मुदत टळलेली हुंडी येथे कोणी वटवून देत नाही.

आता देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने. दर्शनी हुंडी सकारावयाची, तर पेढीत रोकड सदैव शिल्लक हवी. रात्री तीन वाजता भूलतज्ज्ञ, सी.टी. स्कॅनचा तंत्रज्ञ, रक्तपेढीचा कर्मचारी आणि अतिदक्षता विभागातील एक रिकामा पलंग उपलब्ध असणे, ही ती रोकड. एखादी रात्र कोणीही न येता जाते. त्या रात्रीचा खर्च ताळेबंदात वाया गेल्यासारखा दिसतो. यंत्रासाठी देणगी मिळते, कारण यंत्रावर पाटी लावता येते. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. गेल्या वर्षी एका वृद्ध भगिनींनी माझ्याकडे नेमकी हीच शंका काढली आणि मग म्हणाल्या, "पाटी राहू द्या, माणूस जागा ठेवा."

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली व २००६ पासून अमलात आलेली योजना विश्वस्तांना ठाऊक आहेच : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तातडीच्या प्रसंगी निर्धन रुग्णाकडून अनामत न घेता जीवरक्षक उपचार करणे त्याच योजनेत बंधनकारक आहे. नातेवाइकांनी एवढेच लक्षात ठेवावे, की शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला नंतर आणता येतो. त्यासाठी रुग्णाला बाकावर सोडून कोणीही घरी जाऊ नये. न्यूरोसर्जरीचा रोगी असल्यास खिडकीवर अडविणारा कोणी भेटला, तर तडक माझ्या कक्षात यावे. मी नसलो, तर रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांस दाखल करून घेण्याचा लेखी अधिकार दिलेला आहे, आणि त्या आदेशाची प्रत रोखपालाच्या खिडकीच्या आतल्या बाजूस, त्याला समोर दिसेल अशी, चिकटवलेली आहे.