गळाच्या काठीची प्रवासातील जपणूक

गळाची काठी मोडल्याची हकीकत सांगताना हौशी मत्स्यशिकारी बहुधा तिच्यात एखादा मोठा मासा गुंफतो. वस्तुतः माशाने मोडलेल्या काठ्या थोड्याच असतात. मोटारीच्या दारात सापडलेल्या, रेल्वेच्या फळीवर कोणाच्या तरी ट्रंकेखाली चेपलेल्या, विश्रामगृहाच्या खोलीत जोडून पाहताना छताच्या पंख्याने टोक उडविलेल्या काठ्या त्याहून पुष्कळ अधिक भरतील. नदीवर पोचण्यापूर्वीच घडणारे हे अपघात सांगण्यात कोणालाच भूषण वाटत नाही. त्यामुळे त्यांची चर्चा होत नाही आणि ते पुनःपुन्हा घडत राहतात.

या अपघातांचे मूळ काठीच्या घडणीत आहे. काठी वाकण्यासाठी बनविलेली असते. मासा ओढू लागला म्हणजे तिच्या एका बाजूचे तंतू ताणले जातात, दुसऱ्या बाजूचे दाबले जातात, आणि सारा भार टोकापासून मुठीपर्यंत वाटला जातो. एरवी नाजूक दिसणारी काठी बलदंड महासीरलाही दमवू शकते ती यामुळेच. आडवा फटका मात्र एकाच ठिकाणी बसतो. तेथे तो भार वाटून घ्यायला कोणी नसते. काचतंतूची किंवा कार्बनतंतूची काठी आतून पोकळ असते व तिची भिंत पातळ असते. दगडावर आपटल्याने, ओझ्याखाली चेपल्याने किंवा शिशाचे वजन लागल्याने त्या भिंतीला बारीकशी इजा होते. ती बहुधा डोळ्यांना दिसत नाही. चार दिवसांनी काठी पुरती वाकते तेव्हा ती नेमकी त्या जागी मोडते, आणि दोष माशाच्या किंवा कारागिराच्या माथी बसतो.

बांबूच्या काठीची तऱ्हा थोडी निराळी आहे. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून व सरसाने एकमेकींना चिकटवून केलेल्या षट्कोनी काठ्या एकोणिसाव्या शतकात प्रचारात आल्या. आरंभी त्यांच्यासाठी भारतातून जाणारा, व्यापारात कलकत्त्याच्या नावाने ओळखला जाणारा बांबू वापरीत. पुढे विसाव्या शतकात चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. ही काठी किरकोळ आघात सोसते. तिचा खरा शत्रू ओलावा होय. ओल्या पिशवीत गुंडाळून बंद नळकांड्यात ठेवलेल्या काठीवर बुरशी धरते, व्हार्निशला फोड येतात, जुन्या पद्धतीचा सरस मऊ पडतो. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली तर ती कायमची वाकते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ओलावा आणि उष्णता या दोहोंची गाठ पडते, आणि चांगल्या काठीची एका दुपारीत नासाडी होऊ शकते.

जपणुकीचा आरंभ काठी सोडविण्यापासून होतो. प्रथम गळ काढून डबीत ठेवावा आणि रीळ उतरवावे. मुठीजवळ लोंबणारे रीळ प्रवासात काठीवर हातोडीसारखे आपटत राहते. धातूचे जोड सरळ रेषेत ओढून वेगळे करावेत. पिळल्यास ते सैल होतात. जोड घट्ट बसला असेल तर जुन्या लोकांची एक युक्ती कामाला येते. थोडे वाकून काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरावी, जोडाच्या दोन्ही अंगांना हातांची पकड गुडघ्यांना लागून असावी, आणि हात न ओढता गुडघे हळूहळू फाकवावेत. अशाने ओढ नेमकी सरळ रेषेत पडते. पक्कड लावण्याचा मोह मात्र टाळावा.

सुटे झालेले भाग कोरड्या फडक्याने पुसून कापडी पिशवीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत घालावेत. पिशवी नसेल तर बारीक टोकाचा भाग जाड भागांच्या मध्ये येईल व त्यांच्या पुढे डोकावणार नाही अशा बेताने जुडी करून ती दोन ठिकाणी सुती नाडीने बांधावी. रबर बँड वापरू नये. उन्हाळ्यात तो विरघळून व्हार्निशला चिकटतो. ही जुडी नळकांड्यात जाते. बाजारात ॲल्युमिनियमची सुबक नळकांडी मिळतात. परंतु नळकामाच्या दुकानातील ७५ मिलिमीटर व्यासाचा जाड पीव्हीसी पाइप त्याच कामाला पुरतो. एका तोंडाला टोपण कायमचे चिकटवावे, दुसऱ्याला फिरकीचे बसवावे. दोन्ही तळांशी स्पंजचा जाड तुकडा घालणे अगत्याचे आहे. नळकांडे बाहेरून कितीही भक्कम असले तरी ते उभे आदळले म्हणजे आतील काठी दट्ट्यासारखी धावते आणि तिचे टोक झाकणावर चेचते. सर्व भरून झाल्यावर नळकांडे कानाशी धरून हलवावे. खडखड ऐकू आली तर मोकळ्या जागेत फडके कोंबावे.

काठीला घडणारा प्रवास कसा असतो हे पाहण्यासाठी कुमाऊँमधील पंचेश्वरचे उदाहरण घेता येईल. भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवर, जेथे सरयू महाकालीला मिळते, ते हे ठिकाण महासीरसाठी प्रसिद्ध आहे. तेथे जाणाऱ्याची रेल्वे पायथ्याशी टनकपूरला संपते. पुढे चंपावत, लोहाघाट असा डोंगरी रस्ता आणि तेथून पुन्हा नदीपर्यंतची खोल उतरण. नऊ फुटी काठीचे दोन भाग केले तर प्रत्येक साडेचार फूट भरतो. तेवढे नळकांडे रेल्वेत खालच्या बाकाखाली, भिंतीच्या कडेने सहज मावते. वरच्या फळीवर मात्र ते ठेवू नये, कारण त्यावर दुसऱ्याचे सामान केव्हा येऊन पडेल याचा नेम नसतो. बसच्या टपावर ते एकटे टाकणे धोक्याचे. आत जागा मिळालीच नाही तर कडेच्या दांडीला समांतर, तीन ठिकाणी बांधावे. दोन टोकांना बांधून मध्ये पोकळी ठेवल्यास वर फेकलेले पोते नेमके त्या पोकळीवर येते. जीपच्या खिडकीतून काठी बाहेर काढून नेणाऱ्याला काय सांगावे! घाटातील पहिल्याच वळणावर झाडाची फांदी ते काम करते.

चार भागांत सुटणारी काठी सुमारे ७० सेंटिमीटरच्या नळकांड्यात राहते व पेटीतही मावते. विमानाने जाणाऱ्यास तीच सोयीची. तथापि गळ व चाकू यांसारख्या धारदार वस्तू हातातील सामानात नेऊ देत नाहीत, त्या सामानकक्षात द्याव्यात. काठीसंबंधीचा नियम कंपनीगणिक बदलतो, यास्तव तिकीट काढतानाच तो विचारून घेणे बरे.

एका गोष्टीत प्रश्न काठीच्या जिवाचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. कार्बनतंतूची काठी विजेची वाहक असते. विद्युतीकृत रेल्वेमार्गावरील तारेत २५,००० व्होल्ट दाबाची वीज असते आणि एवढ्या दाबाची वीज स्पर्श न होताही जवळच्या वाहकावर झेपावू शकते. जोडलेली काठी खांद्यावर घेऊन रूळ ओलांडणे, फलाटावर ती उभी धरणे, शेतावरून गेलेल्या तारांखालून तशीच चालत जाणे, हे सारे प्राणावर बेतू शकते. काठी ओली असेल तर धोका वाढतो; मग ती बांबूची का असेना. आकाशात विजा चमकू लागल्या की काठी खाली ठेवून तिच्यापासून दूर व्हावे. नदीकाठी पोचेपर्यंत काठी सुटीच ठेवण्याचा नियम पाळला तर टोक वाचते आणि माणूसही.

मुक्कामी पोचल्यावर नळकांडे ताबडतोब उघडावे. काठी व पिशवी सावलीत वाऱ्याला ठेवावी आणि मगच पाहणी करावी. प्रत्येक भागावरून बोटे फिरवून खाच लागते का ते बघावे. दोर ज्या कड्यांतून धावतो त्या प्रत्येक कडीतून कापसाचा पुंजका ओढावा. कडीला बारीक तडा असेल तर तेथे कापसाचे तंतू अडकून राहतात. अशी कडी दोर खरवडून काढते आणि ऐन ओढीत तो तुटतो. जुन्या बांबूच्या काठ्यांबरोबर पुष्कळदा दोन टोके दिलेली असत, ती एवढ्यासाठीच. आजही दूरच्या नदीवर जाणाऱ्याने एक जादा टोक किंवा दुसरी साधी काठी बरोबर ठेवावी. लोहाघाटच्या खाली, नदीच्या वाळवंटात, मोडलेले टोक बदलून देणारे दुकान भेटण्याची आशा करता येत नाही.