भांड्यांचे लिक्विड द्राक्षबागेत?

प्रश्न : फवारणीत स्प्रेडर म्हणून, फक्त नॉन-आयोनिक घटक असलेले भांडी घासायचे लिक्विड मिळेल का?
– द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : शोधत बसू नका. किराणा दुकानातली बहुतेक लिक्विडे ॲनायोनिक. भरपूर फेस हवा ना! लेबलावर ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ दिसले की बाटली मोरीतच ठेवा. ‘डेसिल ग्लुकोसाइड’ नॉन-आयोनिक खरा, पण जोडीला बहुधा ॲनायोनिक असतोच. वर मीठ, रंग, लिंबाचा वास. वेलीला ते कशाला? कृषी सेवा केंद्रातून ‘नॉन-आयोनिक’ असे छापलेला स्प्रेडरच घ्या, प्रमाण लेबलावरचेच. मण्यांत पाणी उतरल्यावर मात्र तोही जपून. मण्यांवरचा पांढरा मेणाचा थर गेला, की व्यापारी भाव पाडायला मोकळा. आधी चार वेलींवर मारून पाहा.