जाताना उशीर, येताना लवकर

प्रश्न : मुंबई-लंडन अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच, मग परतीचे विमान तासभर लवकर कसे पोहोचते? पृथ्वी फिरते म्हणून का?

उत्तर : तसे असते तर पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने पश्चिमेचे लंडनच आधी गाठले असते. घडते नेमके उलट, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पाडतो तो वारा. सुमारे ७,२०० किलोमीटरच्या या वाटेवर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी ५० धरा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८५० उरतो, येताना ९५० होतो. म्हणजे साडेआठ तासांच्या जागी साधारण साडेसात.

तिकिटावर मात्र दोन्ही आकडे मोठे दिसतात, म्हणून हा हिशेब चुकीचा ठरत नाही. तिकिटातल्या वेळेत धावपट्टीपर्यंतची चाल, उतरण्याआधीच्या घिरट्या आणि बंद हवाई हद्द टाळून घेतलेला वळसाही धरलेला असतो. शिवाय छापलेल्या वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. तेवढे जमेस धरूनच वजाबाकी करा.